काचेवरची चार बोटं

मी एक जुनी काचेची पेटी आहे. ड्रॉइंगच्या वर्गात कपाटावर असते. मला मास्तरांच्या धाकट्या भावाने घडवलं. त्याने काचा कापल्या, कडा घासल्या आणि बिजागऱ्या इतक्या बेताने बसवल्या, की माझ्या बाजू अलगद उघडत. मास्तर येईल त्याला मला दाखवत आणि मी आपली फुशारून जाई.

मित्रांनो, माझं काम सोपं होतं. आत लाकडी ठोकळा ठेवायचा, डावीकडून जे दिसेल ते डाव्या काचेवर काढायचं आणि पेटी उलगडायची. डावीकडचं चित्र डावीकडेच येतं. याला थर्ड अँगल म्हणतात. मास्तर स्वतः मात्र फर्स्ट अँगल शिकले होते. त्यात वस्तूच्या मागे भिंती मानतात, म्हणून डावीकडून दिसलेलं पलीकडच्या, उजव्या भिंतीवर उमटतं. दोन्ही बरोबरच आहेत. फक्त कोणती पद्धत वापरली, ते कोपऱ्यात कापलेल्या शंकूची खूण काढून सांगावं लागतं.

एका दुपारी, भरल्या वर्गात, माझ्या डाव्या काचेवर आतून चार बोटं उमटली. अंगठा नव्हता. मास्तरांनी पुसून पाहिलं, पण ती हटेनात. तासाभराने, भाऊ काम करायचा त्या वर्कशॉपमधून निरोप आला. पत्रा कापायच्या प्रेसमध्ये भावाचा डावा हात सापडला होता. अंगठा तेवढा वाचला.

हात आत जाऊ नये म्हणून त्या प्रेसला लावलेल्या गार्डचं, म्हणजे संरक्षक जाळीचं, ड्रॉइंग मास्तरांचंच होतं. गार्डची भोकं डाव्या बाजूला हवी होती. जुन्या सवयीने त्यांनी डावीकडचं चित्र उजवीकडे काढलं आणि खूण करायला विसरले. वर्कशॉपमधली पोरं त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्यांनी ते माझ्यावर शिकल्याप्रमाणे वाचलं आणि गार्ड उजवीकडे बसवला; डावी बाजू उघडी राहिली. मला अजून अपराध्यासारखं वाटतं.

मास्तरांनी तोंडातून ब्र काढला नाही. ठपका पोरांवर आला, त्यांच्या नोकऱ्या जाण्याची वेळ आली. मास्तर मला रोज पुसत, आतून, बाहेरून, स्पिरिटने. बोटं तशीच.

चौकशीच्या आदल्या दिवशी भाऊ वर्गात आला. ते ड्रॉइंग त्याने टेबलावर पसरलं. मग माझं झाकण उचलून डावा हात आत घातला आणि अंगठा त्या बोटांशेजारी टेकवला. पंजा पुरा झाला.

“दादा, यात खूण कुठेय?”

मास्तरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “मी विसरलो,” ते म्हणाले. “पोरांची काही चूक नाही. उद्या तसंच सांगतो.”

त्यांनी तसं सांगितलं. पोरांच्या नोकऱ्या राहिल्या, मास्तरांची गेली.

आता नव्या बाई शिकवतात. मला क्वचितच खाली काढतात, त्यामुळे माझ्यावर धूळ साचते. बोटांवर मात्र साचत नाही. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, पण ड्रॉइंग देण्याआधी कोपरा बघत जा. खूण काढायची राहिली असेल, तर माझ्या आतून टकटक होते, एकामागून एक, चार वेळा. बाई म्हणतात, काच तापली असेल. मुलं मात्र मुकाट्याने पेन्सिल उचलतात.