जनीची वही

जनीला आकडे येत होते, अक्षर येत नव्हतं. म्हणून तिच्या फोनच्या वहीत नावं नव्हतीच. प्रत्येक नंबराशेजारी पेन्सिलीनं काढलेली घरातली एखादी वस्तू होती. रामचंद्र त्या वहीची टर उडवायचा, बायकोनं भांड्यांचं दुकान मांडलंय म्हणायचा. आता जनी गेली, आणि दहाव्याला तिच्या माणसांना बोलवायचं तर त्यालाच ते दुकान उघडून बसावं लागलं.

सून विनिता एकेक नंबर लावी. पलीकडून आवाज आला की चित्राचा उलगडा होई. विळी निघाली रामचंद्राची बहीण येसूबाई. तिच्या जिभेची धार सगळ्या उरणला ठाऊक, पण जनीनं कधी चकार शब्द काढला नव्हता. चाळण म्हणजे शेजारची मैना, जिच्या तोंडी तीळ भिजत नाही. माठ म्हणजे जनीचा भाऊ अनंता. त्याच्याशी बोललं की तिचा जीव निवायचा. पाच दिवसांत रामचंद्र पहिल्यांदा हसला. आणि गड्याला हाव सुटली, मग आपण कोण? पस्तीस वर्षं बंदरावर ट्रेलर हाकून हे घर उभं केलं. खांब असू, गेलाबाजार कपाट तरी!

तो पानं उलटत राहिला. त्याचा नंबर पार शेवटच्या पानावर होता. शेजारी एक ताट, त्यावर पालथं घातलेलं दुसरं ताट.

“ह्ये काय गं?”

विनिता घुटमळली. “झाकलेलं ताट हाय, बाबा.”

मग त्याला कुणी समजवायची गरज उरली नाही. ढाब्यावर दोस्तांबरोबर जेवायचं, घरी आल्यावर उंबऱ्यातूनच ‘मी जेवलोय’ म्हणायचं आणि आडवं व्हायचं, ही त्याची जन्माची रीत. जनी नुसतं ‘बरं’ म्हणायची. तेवढ्यावर विषय मिटला असं तो खुशाल धरून चालला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“मी जेवून यायचो, तवा ती कवा जेवायची?”

“तुम्ही आलात की मग. त्याआधी कधीच न्हाय.”

गाडी बंदराच्या रांगेत अडकली की तो दोन-दोन दिवस घरी येत नसे, आणि फोन करायचंही राहून जाई. त्या दिवसांचं विचारायचा त्याला धीर झाला नाही.