पेशी गप्प का बसल्या

माझी नणंदच माझी बॉस आहे, हे दुःख वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. घरी ती मला विचारते, "काय गं, चहा झाला का?" आणि प्रयोगशाळेत विचारते, "काय गं, पेशी झाल्या का?" सूर अगदी तोच. बाकी सगळे तिला मॅडम म्हणतात. मला ताई म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना मनातल्या मनात मी दातओठ खाते.

त्या वर्षी तर बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. तिला एक प्रोटीन सापडलं होतं. जंतू शरीरात शिरला की काही पेशी सगळ्यांच्या आधी धावून जातात. त्यांच्या आतली धोक्याची जनुकं धडाधड चालू होतात, मग ताप, सूज, आणि फारच झालं तर रक्तदाब कोसळतो. कधीकधी माणूस जंतूने मरत नाही, या आरडाओरड्याने मरतो. ताईचं प्रोटीन म्हणे हा आरडाओरडा बंद करत होतं. आमची पद्धत अशी: संध्याकाळी पेशींवर प्रोटीन घालायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी वर जंतूचा अर्क टाकायचा आणि मोजायचं. दर वेळी धोक्याची जनुकं बंद. पेशी गप्प.

शेजारच्या इस्पितळात निरोगी माणसांना हे औषध टोचायची पहिली चाचणी ठरली. आणि पहिलं नाव कुणी दिलं? माझ्या नवऱ्याने! "ताईचं औषध आहे. मी नाही घ्यायचं तर कुणी?" म्हणाला. मला एका शब्दाने विचारलं नाही.

पेशी वाढवणं आणि जनुकं मोजणं हे माझं काम. ताई फक्त धोक्याची जनुकं बघायची. मी त्याच पेशींमधली दुसरी जनुकं मोजली, जंतू मारायचं विष बनवणारी. ती जोरात चालू होती! मी मशीनला शिव्या घातल्या, परत मोजली. तेच. आता मला सांगा, पेशी खरोखर शांत झाली असेल तर हत्यारं परजून कशाला बसेल? अशी बसते ती एकदा भांडून मोकळी झालेली पेशी. जंतूशी एक झटापट झाली की ती धोक्याच्या जनुकांभोवतीचा डीएनए घट्ट गुंडाळून टाकते, म्हणजे लगेच पुन्हा बोंबाबोंब नको. मारायची जनुकं तेवढी उघडी ठेवते.

म्हणजे या पेशींना सकाळच्या अर्काआधीच जंतू भेटला होता. कुठे, तेही उघड होतं. आमचं प्रोटीन आम्ही जंतूंकडूनच बनवून घेतो आणि मग गाळतो. जंतू मरतात, पण त्यांच्या सालीचे बारीक तुकडे गाळणीतून निसटतात. आदल्या संध्याकाळी प्रोटीन पडलं की पेशी त्या तुकड्यांवर घसा फोडून ओरडत होत्या, आणि आम्ही सगळे आपापल्या घरी जेवत होतो. सकाळी आम्ही यायचो तेव्हा त्या ओरडून दमलेल्या असायच्या. आम्ही टाळ्या वाजवायचो.

आणि हे माझ्या नवऱ्याच्या शिरेत जाणार होतं.

मी तडक ताईच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शुद्धतेची तपासणी पास आहे," ती म्हणाली.

"तपासणीला ते तुकडे दिसत नसतील. प्रोटीनने घट्ट धरून ठेवले असतील."

"असतील! घरची म्हणून ठेवलं तुला, आणि तू मला शिकवतेस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घरची आहे म्हणूनच सांगतेय! टोचून कोण घेणार आहे? तुमचाच भाऊ ना?"

"त्याला मी लहानाचा मोठा केलाय. त्याची काळजी तू मला शिकवू नकोस."

"मग उकळून बघा," मी म्हटलं. "प्रोटीन उकळलं की त्याचं उकडलेलं अंडं होतं, ते परत कामाला येत नाही. सालीच्या तुकड्यांना उकळीने ढिम्म फरक पडत नाही. तुमचं प्रोटीन खरं असेल तर उकळल्यावर पेशी ओरडतील; तरीही गप्प बसल्या, तर ते काम त्या तुकड्यांचं. आणि तुम्हीच करा सगळं. मी केलं तर म्हणाल, हिने मुद्दाम बिघडवलं."

"करते," ती म्हणाली. "तुझं तोंड एकदाचं बंद व्हायला पाहिजे."

प्रोटीन बनवणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणतो. त्याने तीन नळ्या भरल्या: एकीत नुसतं मिठाचं पाणी, एकीत प्रोटीन, एकीत उकळलेलं प्रोटीन. कुठल्या नळीत काय, हे फक्त त्याला ठाऊक. पेशींवर घालण्यापासून मोजण्यापर्यंत सगळं ताईने स्वतःच्या हाताने केलं, आणि मला टेबलाला हातसुद्धा लावू दिला नाही. हे सगळं आटपेपर्यंत चाचणी दुसऱ्या दिवसावर आली होती.

पडद्यावर आकडे आले. पहिल्या नळीच्या पेशी ओरडत होत्या. दुसरीच्या गप्प. तिसरीच्याही गप्प.

"मास्तर," ताई म्हणाली, "दोन्ही नळ्यांत चांगलंच घातलंत तुम्ही."

"नाही मॅडम." मास्तरचा चेहरा पडला होता. "तिसरीत उकळलेलंच आहे. तुमच्यासमोर उकळलं, मगच नळीत भरलं."

तिने पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा बोट ठेवून वाचले. मला वाटलं होतं, या क्षणी मला गुदगुल्या होतील. झाल्या. खोटं कशाला बोलू? तिचं नाक एकदा कापलं जावं म्हणून मी किती वर्षं वाट बघितली होती.

मग तिने इस्पितळात फोन करून चाचणी थांबवायला सांगितलं. कारण दिलं नाही. नंतर भावाला लावला, माझ्याकडे रोखून बघत. "उद्या येऊ नकोस. सगळं रद्द. तुझ्या बायकोने बॅच खराब केली. हो, हिनेच. हलगर्जीपणा, दुसरं काय."

मास्तरने मान खाली घातली. मी फोन हिसकावणारच होते. हात पुढे गेलासुद्धा. पण मी माझ्या नवऱ्याला ओळखते. ताई खरी की मी खरी, असं भांडण एकदा पेटलं असतं, तर ताई खरी हे दाखवायला तो स्वतः बाही वर करून इस्पितळात गेला असता. औषधाच्या कुप्या तिथे पोचलेल्याच होत्या, आणि त्याला थांबवायला ताईला स्वतःची चूक कबूल करावी लागली असती, जी तिने मेली तरी केली नसती. मी हात मागे घेतला.

"उद्यापासून येऊ नकोस," फोन ठेवून ती म्हणाली.

"येणारही नाही. तुमचं तोंड बघण्यापेक्षा भांडी घासलेली परवडली."

संध्याकाळी नवरा दारातूनच सुरू झाला. "तिची उभ्या आयुष्याची मेहनत! बघवत नव्हतं ना तुला? जळत होतीस ना तिच्यावर?" चप्पल एकीकडे भिरकावली, पिशवी दुसरीकडे. असा भडकलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. खरं काय ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तिथून मी ते परत गिळलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मी पुढे होऊन त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"हे काय आता?" तो खेकसला.

"काही नाही. ताप नाही. गार आहे."

"मग?"

"मग ओरड," मी म्हटलं. "ओरड तू पोटभर."