अडलेला काना

धर्मराजनं कीबोर्ड उचलून उलटा केला, तर त्यातून नारळाचं पाणी गळालं. आधी एक धार, मग थेंब थेंब, तेही कुंकवानं लालसर झालेलं. टेबलावरचे कागद भिजायला लागले तसे त्यानं ते दुसऱ्या हातानं ओढून काढले. वरचाच कागद पार वल्ला झाला होता. तलाठ्याकडे द्यायचा वारस नोंदीचा अर्ज होता तो, कालच टाइप करून ठेवलेला.

गोजरबाई दारात उभी होती. हातात नारळाचं एक भकल, कपाळावर घाम.

"माय, काय केलंस हे?"

"खंडेनवमी हाय ना रं. इळ्याला वाहिलं, औताला वाहिलं, मंग ह्याला बी वाहिलं. तुझं औत तर हेच हाय."

धर्मराजचा बाप कडूबा होता तोवर नारळ तोच फोडायचा, बाहेर पायरीवर, आणि कॉम्प्युटरला नुसतं हळदकुंकू लागायचं. तो गेल्यापासूनची ही पहिली खंडेनवमी. हे सगळं धर्मराजला कळत होतं, पण डोकं तापलं की कळणं कुठं कामाला येतं?

"औताला पाणी चालतं, माय! ह्याच्यात करंट खेळतो! आजच्या आज गुरुजीला पेपर द्यायचाय. मी त्याला आता काय तोंड दाखवू?" आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही तो बोलून गेला. "अडाणी ती अडाणीच राह्यलीस. तुला अक्षर कळंना, मशीन काय कळणार?"

गोजरबाईनं भकल ताटात ठेवलं आणि फडकं आणायला आत गेली. त्यानं वल्ले कागद चुरगाळून चुलीकडच्या टोपल्यात भिरकावले. चुकलेल्या प्रिंटांचं ते ठरलेलं टोपलं होतं. गोजरबाई रोज सकाळी त्यातल्या कागदांवर चूल पेटवायची.

हा कॉम्प्युटर सत्त्याण्णव साली औरंगाबादच्या एका ऑफिसातून निघालेला, तेव्हाच म्हातारा होता. आता चार वर्षांनी तर चालू व्हायलाच चहा पिऊन होईल इतका वेळ घ्यायचा. पण हसनाबादेत कॉम्प्युटर म्हणजे हाच. शाळेच्या सगळ्या प्रश्नपत्रिका धर्मराजच्या घरी टाइप व्हायच्या. बद्रीनाथ गुरुजींनी या वेळी मात्र आधीच बजावलं होतं, "धर्मराज, मागच्या खेपेला दोन दिवस उशीर झाला. ह्या वेळी झाला तर कायमचं काम भोकरदनला जाईल." सहामाहीचे बाकीचे पेपर टाइप करून झाले होते. चौथीचा मराठी तेवढा राहिला होता. गुरुजी चारच्या गाडीनं झेरॉक्सला भोकरदनला जाणार होते, आणि लाइट दहा ते दोन. दोनला गेली की रात्रीच येणार.

रेडिओ-टेप दुरुस्त करणारा कमरोद्दीन आला. त्यानं मांडी घातली आणि कीबोर्डचा एकेक स्क्रू काढला.

"नारळाचं पाणी हाय का? बिलकुल बेकार काम. चहा परवडला. हे आतून खातंय."

"नवा घेऊ का मंग?"

"कुठं घेता? तुमची पीन मोठी, गोल. आता बारीक पिनेचे येऊन राह्यले. औरंगाबादला जुन्यात भेटंल एखादा, पण आज अन् उद्या तिथला जुना बाजार बंद." त्यानं वर पाहिलं. "मावशी, जरा स्वच्छ पाणी द्या. अन् एक सूप."

गोजरबाईनं तांब्या आणि सूप आणून ठेवलं. कमरोद्दीननं बटणं उपटून धुतली, आतली पट्टी पुसली, सगळं सुपात मांडून उन्हात ठेवलं. धर्मराज अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. एकदा त्यानं सुपावर फुंकरही मारून पाहिली. चिमणीला हाकललं. साडेदहाला जोडणी झाली, स्क्रीन उजळली, आणि त्याच्या जिवात जीव आला, पण घटकाभरच.

"एका बटणाचा पाय तुटला," कमरोद्दीन हळूच म्हणाला. "बसतच न्हाई."

"कोणतं?"

"के."

धर्मराजनं कपाळावर हात मारला. इंग्रजीत के नसला तर माणूस एकवेळ निभावून नेईल. पण धर्मराजच्या मराठी टायपिंगमध्ये के या बटणावर काना होता. नुसता काना गेला असता तरी मनाची समजूत काढली असती. श, ण, भ, ध, ख ही अक्षरंही तिथं अर्धीच उमटायची आणि काना दिला की पुरी व्हायची. ओकार द्यायचा तरी आधी काना, मग वर मात्रा. त्यानं शाळेचं नाव टाइप करून पाहिलं. हसनाबादचं हसनबद झालं आणि शाळेतला श लंगडाच उभा राहिला.

"खाली बारीक खुंटी हाय, तिच्यावर दाबा," कमरोद्दीन हत्यारं गोळा करत म्हणाला. "जोर लावा, बराबर येतंय."

येत होतं, पण खुंटी टोकदार होती आणि जोर कसला, अख्ख्या हाताचा भार द्यावा लागत होता. नाहीतर उमटायचाच नाही, किंवा उमटायचे तीन. मराठीत काने किती असतात हे धर्मराजला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या प्रश्नापर्यंत बोटाचं टोक लाल झालं, तिसऱ्यापर्यंत सुजलं. दुसऱ्या बोटानं दाबावं तर नेम चुकायचा. माऊसनं काना उचलून एकेका शब्दात नेऊन चिकटवावा तर एका ओळीला दहा मिनिटं. घड्याळात सव्वाबारा झाले होते आणि पेपर निम्माही नव्हता. त्यानं टेबलावर मूठ आपटली. पेनांचा डबा पडला.

"म्या दाबू का?" गोजरबाई मागून म्हणाली.

"तुला काय कळतंय, कवा दाबायचं ते?"

"तू म्हण. तू म्हणलास की दाबते."

त्याला नको म्हणायचं होतं, पण बोट ठणकत होतं. त्यानं पायानं स्टूल पुढं सरकवलं. गोजरबाई बसली, हात पदराला पुसला आणि खुंटीवर बोट ठेवलं. साठ वर्षं कापूस वेचलेलं बोट ते, त्याला खुंटी काय टोचणार?

"काना," धर्मराज म्हणाला.

टक.

"काना. थांब! आता नको. हां, काना."

टक. एकच उमटला, नेमका.

आधी हातांची टक्कर झाली. तो दोनदा खेकसला, तिनं दोनदा हात मागं घेतला. मग हळूहळू जमत गेलं. गुरुजींचा हस्तलिखित पेपर मॉनिटरला टेकवून ठेवला होता. धर्मराजची नजर त्या कागदावर, बोटं चालू, आणि मधे मधे तिचं टक. एक वाजून गेला तरी त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही. गाळलेल्या जागा झाल्या. जोड्या लावा झालं. शेवटचा प्रश्न आला, 'खालील प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात लिह'. तो 'लिह' टाइप करून पूर्णविरामाकडे गेला, तोच टक झालं.

"माय! मी म्हणलो का काना?"

"मघापसून तू म्हणतच न्हाईस."

धर्मराजची बोटं थांबली. त्यानं आठवून पाहिलं. घसा कोरडा पडला म्हणून तो कधीतरी बोलायचा थांबला होता. कधी, ते त्याला सांगता येईना. त्यानं पान वर सरकवलं. जोड्या लावा. गाळलेल्या जागा. सगळे काने जागच्या जागी होते.

"अन् 'लिह' न्हाई," गोजरबाई स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाली. "'लिहा' पाहिजे. वर समद्या प्रश्नाला 'लिहा'च हाय. गुरुजी घाईत इसरला."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती स्क्रीनकडेच बघत होती.

"तुला वाचता येतं?"

"जोडाक्षराला वेळ लागतो."

"कवापसून?"

"साक्षरतेच्या वर्गात धा-बारा अक्षरं आल्ते. बाकीचे तुझ्या टोपल्यातल्या कागदावर. चुलीत घालायच्या आधी एकेक वाचते. तुझे चुकलेले लई असतेत, म्हणून वाचायला बी लई भेटतं."

हसू येण्यासारखं होतं, पण धर्मराजला हसू आलं नाही. सकाळचं आपलंच बोलणं त्याच्या कानात वाजलं आणि त्याला लाज वाटली. आपल्या आईसमोर वाटायला हवी होती तेवढी, आणि फार उशिरा.

"मंग बँकेत, पंचायतीत... दर वेळी अंगठा कशाला दिलास? सांगायचं न्हाई का?"

"तू पॅड पुढं करत व्हतास, म्या अंगठा देत व्हते." तिनं पदर सावरला. "तू इचारलं कवा? चल, लाइट जाईल."

पावणेदोनला पेपर प्रिंटरमधून कुरकुरत बाहेर आला. गुरुजींच्या हातात तो वेळेत पोचणार होता. काम राहणार होतं. गोजरबाई उठायला लागली.

"बस थोडं," धर्मराज म्हणाला. "तुझा अर्ज वल्ला झाला सकाळी. पुन्हा काढावा लागतो."

त्यानं अर्ज उघडला. गोजरबाईनं पुन्हा खुंटीवर बोट ठेवलं. मजकूर तयारच होता, म्हणून धर्मराज थेट खालच्या ओळीवर गेला. तिथं त्यानंच काल टाइप केलेलं होतं: 'अर्जदार गोजरबाई भ्रतार कडूबा, निशाणी डावा अंगठा.' शेवटचे तीन शब्द त्यानं एकेक अक्षर करून पुसले. मग तीन बटणं दाबली.

गोजरबाईचं बोट वाट बघत होतं.

"काना?" तिनं विचारलं.

"न्हाई माय," तो म्हणाला. "'सही'ला काना लागत न्हाई."

गोजरबाईनं ती ओळ वाचली. ओठ हलवत, सावकाश, डावीकडून उजवीकडे. मग तिनं खाली पडलेला पेनांचा डबा उचलला आणि त्यातला एक पेन काढला.

"माझ्या नावाला लागतेत की," ती म्हणाली. "दोन."