झाकणावरचं नाव

विश्वास ठेवू नका. ठेवलात तर माझाच अपमान होईल. ही गोष्ट सांगायला लागल्यापासून आजवर एकाही माणसानं ती खरी मानलेली नाही, आणि हा विक्रम तुमच्या बॅचनं मोडावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. तर ऐका. या प्रयोगशाळेत जंतू ओळखायचं काम मायक्रोस्कोप नंतर करायचा, माझं नाक आधी.

हसा, हसा. मी इथला मीडिया रूमचा मामा, म्हणजे जंतूंचा आचारी. अगार, म्हणजे जंतूंचं खाणं, शिजवायचं, त्यात रक्त मिसळायचं, काचेच्या बशांमध्ये ओतायचं, आणि गार झालं की तुमच्यासारख्यांच्या हवाली करायचं. छत्तीस वर्षं केलं. निवृत्त झालो, तरी घशाच्या प्रॅक्टिकलला मॅडम मला दर वर्षी बोलावतात. नाही बोलावलं तरी मी येतो.

तर नाक. तो हिरवी झाक सोडणारा जंतू इनक्युबेटरमध्ये वाढत असला, की मला खाली जिन्यातच पिकल्या द्राक्षांचा वास यायचा. दुसरा तो लाटांसारखा पसरणारा. तो तर असा घाण मारायचा की बशी कितव्या फळीवर आहे ते मी दाराबाहेरून सांगायचो. एकदा तो इतका पसरला की बशीतून खाली उतरला, टेबल ओलांडलं आणि हजेरीपटावर सही करून आला.

"सही कुणाची केली, मामा?"

विभागप्रमुखांची. आणि त्यांच्यापेक्षा सुवाच्य.

झालं हसून? आता हे जर्नल घ्या. पहिल्या बाकावरची, वेणीवाली, तू धर. जपून. खाकी कव्हर, रोल नंबर एकतीस. माझ्या लेकीचं आहे. घरात तिला आम्ही टिटवी म्हणायचो, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. म्हणजे मीच म्हणायचो. तिची आई लवकर गेली, घरात आम्ही दोघंच. जंतूंच्या आचाऱ्याची पोर याच कॉलेजात डॉक्टर व्हायला आली, त्या दिवशी मी अगारमध्ये मीठ दोनदा घातलं. एक जंतू उगवला असेल तर शपथ.

चित्रं बघ कशी काढलीयेत. उलट पानं, लाजू नकोस.

दुसऱ्या वर्षाला होती, तुमच्यासारखीच. सकाळी जंतू, दुपारी पॅथोफिजिऑलॉजी, म्हणजे रोगात शरीर कसं बिघडतं ते, आणि संध्याकाळी मी. दिवसभर शिकलेलं सगळं मला शिकवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. एकदा बागेतला जुना रबरी पाईप स्वयंपाकघरात घेऊन आली, नळाला जोडला आणि दाभणानं त्याला भोकं पाडत सुटली.

"बाबा, हा पाईप म्हणजे रक्तवाहिनी. जंतू रक्तात शिरले की शरीर चवताळून उठतं. त्या मारामारीत आपल्याच पाईपची चाळण करून टाकतं. बघा, पाणी सगळं बाहेर. आता टोकाला काय उरलं?"

मी डोक्यापासून पायापर्यंत भिजलो होतो. म्हटलं, "टोकाला जोर नाही उरला."

"शंभरपैकी शंभर! यालाच रक्तदाब पडणं म्हणतात. जंतू मारत नाहीत हो एवढे. आपणच आपल्याला गळती लावून घेतो."

दोन दिवस मी फरशी पुसत होतो. तेवढं मात्र खरं आहे, ते मानलंत तरी चालेल.

मग आलं हे प्रॅक्टिकल. शेजाऱ्याच्या घशात कापसाची काडी फिरवायची, बशीवर रेघोट्या ओढायच्या, दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. तिच्या शेजारी बसायचा एक उंचाडा पोरगा, सगळे त्याला उंट म्हणायचे. टिटवीचा घसा दोन दिवस दुखत होता. ती म्हणाली, "बरं झालं, चित्र काढायला काहीतरी सापडेल." नाव बशीच्या बुडाला लिहायचं, हे तुम्हाला आज मॅडमनी तीनदा सांगितलं. त्यांनाही सांगितलं होतं. पण उंटाला क्रिकेटची घाई. त्यानं दोघांची नावं झाकणांवर खरडली. म्हणजे नुसते रोल नंबर, एकतीस तिचा, बत्तीस त्याचा. ही म्हणाली, "असू दे रे, कळतंय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बशा बाहेर काढल्या. झाकणांच्या आत वाफेचं पाणी साचलेलं. एरवी मी तशाच ठेवल्या असत्या. पण माझ्या लेकीची बशी होती ना. मॅडमना आरपार लख्ख दिसायला हवी. म्हणून त्या बाकावरच्या आठही बशांची झाकणं मी काढली, ओळीनं मांडली, मऊ फडक्यानं पुसली आणि परत बसवली.

"मग झाकणं बदलली कुणी, मामा?"

कुणी म्हणजे? खोलीत दुसरं होतं कोण? मीच.

बत्तीस नंबरच्या झाकणाखाली रक्त जागोजागी विरघळलेलं. बारीक बारीक ठिपके, आणि प्रत्येकाभोवती स्वच्छ गोल, ज्यातून खालचा कागद दिसावा. घशातून रक्तात शिरणाऱ्या घातक जंतूची हीच खूण. मॅडमनी तिथल्या तिथे उंटाला चिठ्ठी दिली, त्याला इंजेक्शन टोचलं. ठणठणीत पोरगा दोन दिवस बाकावर तिरका बसला. आणि एकतिसाच्या झाकणाखाली काही नाही. घशात नेहमी राहणारी निरुपद्रवी मंडळी तेवढी.

घरी आली ती नाचतच. आवाज पार बसलेला. "बाबा, माझा घसा निर्दोष सुटला! साधी सर्दी आहे."

म्हटलं, "तरी दाखव कुणालातरी."

"तुम्ही केलेल्या बशीवर तुमचाच विश्वास नाही?"

छाती फुगली माझी. फुगली, खरंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती अंथरुणावर भिंतीला टेकून बसली होती. अंग भाजत होतं आणि पाय बर्फ. डाव्या हाताची नाडी उजव्या हातानं धरून समोरच्या घड्याळाकडे बघत मोजत होती. एकशे चाळीस म्हणाली. परत मोजली. मग मनगट सोडलं आणि पाय पांघरुणात ओढून घेतले. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली,

"बाबा, पाईपला भोकं पडली."

थांबा. पाणी द्या जरा.

हं. तर अशा वेळी, पोरांनो, हे नाक कामाला आलं! मी वाकलो तिच्याकडे आणि तिच्या श्वासात मला तोच वास आला, त्या बत्तीस नंबरच्या बशीचा. क्षणात सगळा उलगडा झाला. झाकणं! तिला खांद्यावर टाकली आणि पळालो. अर्ध्या तासाची वाट चार मिनिटांत. रखवालदाराला वाटलं वारा गेला. माझ्या चपला मागून पोचल्या, दहा मिनिटांनी. डॉक्टर म्हणाले, मामा, तासभर उशीर केला असतात तर संपलं होतं. दोन्ही हातांना सलाइन, इंजेक्शनावर इंजेक्शन. संध्याकाळी उठून बसली आणि पहिलं काय मागितलं? हे जर्नल! चित्र राहिलंय म्हणाली.

आज मोठी डॉक्टरीण आहे ती. लांब असते, समुद्रापलीकडे. येत नाही, वेळ कुठे असतो तिला. मी रागावत नाही. फोन करते, मलाच हल्ली नीट ऐकू येत नाही. म्हणून सांगतो, नाव बुडाला लिहा. झाकण कुणावरही बसतं.

चला, आ करा, घ्या काड्या हातात. काय गं वेणीवाली? झाली बघून वही?

"कसा होता वास, मामा?"

कसा म्हणजे... गोडसर. गोडसर नाही, जरा लोखंडासारखा. गंजलेल्या. किंवा असं बघ, ओल्या...

"मामा, घशातल्या त्या जंतूला वास नसतो. आणि घशाच्या प्रॅक्टिकलचं ते राहिलेलं चित्र या वहीत नाहीच, तिथून पुढे काहीच नाही. शेवटपर्यंत सगळी पानं कोरी आहेत."