पाठवणीचा दुसरा टेक

तामलवाडीच्या सिद्रामप्पाच्या पोरीचं, श्रीदेवीचं लग्न शूटिंगवाल्या शिवकुमारनंच लावलं म्हणा की! स्वामी अक्षता टाका म्हणतायत, तर हा म्हणतो थांबा, ड्रोन वर जाऊ द्या. नवरी मांडवात आली ती धुरातनं, अन् पाव्हणे खोकून खोकून बेजार. सिनेमात असंच असतं म्हणं. सिद्रामप्पानं चालू दिलं. पोरीची हौस होती, अन् पोरगी म्हणजे त्याचा जीव की प्राण.

पाठवणीला श्रीदेवी बापाच्या गळ्यात पडली. सिद्रामप्पाच्या तोंडातनं शब्दच फुटंना. तेवढ्यात शिवकुमार मधी घुसला.

"मामा, परत घेऊ. असं मुकाट नका उभं राहू. ढोकीच्या व्याह्यांना शेजारी घ्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवा, अन् म्हणा, 'आता तेच तुझं घर. जगायचं तिथं, मरायचंबी तिथंच.' सिनेमातला बाप म्हणतो तसं. लई भारी दिसतं!"

सिद्रामप्पानं हे आधी ऐकलं होतं. त्याचा बाप जत्रंतल्या तंबूत सिनेमा बघून असलंच वाक्य शिकून आला होता. थोरल्या पोरीला, म्हंजी सिद्रामप्पाच्या बहिणीला, रुद्रम्माला वाटं लावताना तेच म्हणाला. गावानं वाहवा केली. रुद्रम्मानं मात्र ती काळ्या दगडावरची रेघ मानली. नवरा मारायचा, पण माहेरी तिनं अवाक्षर काढलं न्हाय. ती गेल्यावरच सगळं कळलं. म्हातारा पुढं जन्मभर त्या एका वाक्यापायी रडला.

"म्हणा ना मामा, उजेड चाललाय," शिवकुमारनं घाई केली. व्याही मिशीवर हात फिरवत कॅमेऱ्यापुढं उभे राहिले.

सिद्रामप्पानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "श्रीदेवी, सुखानं नांद. पण कुणी तुझ्यावर हात उचलला, तर तिथं एक रात्र काढू नको. सरळ निघून ये. तुझा बाप हाय इथं."

श्रीदेवी हमसून हमसून रडायला लागली. व्याह्यांचा चेहरा उतरला.

"मामा, हे कुठं सांगितलं होतं म्या?" शिवकुमार कुजबुजला. "कापावं लागंल हे."

"कापून तर बघ!" सिद्रामप्पा खेकसला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातनं विहीण पुढं आली. इतका वेळ तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

"राहू द्या ते, दादा," ती शिवकुमारला म्हणाली. "माझ्या बापानं सिनेमातलं म्हणलं होतं."

अन् नवऱ्याकडं न बघता तिनं सुनंचा हात धरला.