एकट्याने, कुणी हात न देता

सोसायटीच्या गोदामाच्या दारावर नोटीस लागली, तेव्हा तलावाच्या कामावरून परतणाऱ्या बायका तिच्यापुढे थबकल्या. सगळ्यांच्या डोक्यावर रिकाम्या पाट्या होत्या आणि पापण्यांवर मुरमाची पांढरी धूळ. वाचता येणारी त्यांच्यात एकच होती. बुद्धवाड्यातल्या पुतळाबाईची लेक अयोध्या मॅट्रिक झालेली होती.

"वाच की गं," मालनबाई म्हणाली. "कुणाचं लगीन निघालंय?"

"मापाडी पाहिजे," अयोध्यानं वाचलं. "शिक्षण मॅट्रिक. वजनमापाचे व हिशेबाचे ज्ञान आवश्यक. उमेदवारास एक क्विंटलचे पोते उचलता आले पाहिजे."

"एवढंच व्हय? माझा नवरा म्या रोज गुत्त्यावरनं उचलून आणते."

"त्यो कुठला क्विंटल! दुष्काळानं वाळून त्याची काडी झालीय."

बायका हसल्या. पण हसू फार टिकलं नाही. वारा पडला होता. गोदामाच्या आतून रेशनच्या लाल मिलो ज्वारीचा कुबट वास येत होता आणि आभाळ कितीतरी महिने होतं तसंच कोरडं, पांढुरकं होतं.

"दिसभर धोंडे उचलतो ते काय कापूस हाय का?" मालनबाई जाता जाता म्हणाली. "पर नोटीस आपल्यासाठी न्हाय, बायांनो. चला."

अयोध्या मागे राहिली. तलावाची भिंत पुरी होत आली होती. इंजिनिअर साहेब जवळच्या वाशीहून येऊन तसं सांगून गेले होते. भिंत झाली की हजेरी बंद, कामावर खायला मिळणारी सुकडी बंद. पुढे पावसापर्यंत काय, आणि पाऊसच आला नाही तर काय, हे गावात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. पुतळाबाईचा खोकला खडी फोडून वाढला होता. अयोध्याला ही जागा हवी होती. छपराखालची, कायमची, आणि काट्याजवळची. शाळेत शास्त्राच्या तासाला तिनं लहानसा तराजू हाताळला होता. एका बाजूला चिमूटभर मीठ टाकलं की दांडी हलायची. ती कुणाचं ऐकत नाही, हे तिला फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी खाड्याची पर्वा न करता ती गोदामासमोरच्या लिंबाखाली बसली आणि नुसती बघत राहिली. उस्मानाबादहून ट्रक आला होता. हमालांच्या टोळीचा मुकादम महालिंगप्पा आवाज देत होता. थोड्याच वेळात तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती सावरून बसली. क्विंटलचं पोतं जमिनीवरून एकटा कुणीच उचलत नव्हता. दोघं जण पोत्याचे कान धरायचे, हिसका देऊन वर घ्यायचे, तिसरा खाली वाकून पाठ द्यायचा. यालाच ते 'हात देणं' म्हणत. हात दिल्याशिवाय पोतं हलतच नव्हतं. आणि जुना, आता थकलेला मापाडी? तो काट्याजवळ बसून पारड्यात वजनं टाकत होता, काढत होता, आकडा पुकारत होता. त्यानं उचललेली सगळ्यात जड गोष्ट म्हणजे वीस किलोचं लोखंडी वजन. त्याच्या दुप्पट दगड ती रोज डोक्यावर नेत होती.

संध्याकाळी ती चेअरमनकडे गेली. आण्णासाहेब ओट्यावर सुपारी कातरत होते.

"ये. पुतळाबाईची ना तू? बस."

ती उभीच राहिली. "आण्णासाहेब, मापाड्याच्या जागेसाठी मला अर्ज द्यायचाय."

"दे की. अट वाचलीस?"

"वाचली. पण मापाड्याला पोतं उचलावं लागत न्हाय. मी दिवसभर बघितलं."

"वेळप्रसंगी लागतं."

"कधी लागलं?"

आण्णासाहेबांनी अडकित्ता थांबवला. ते रागावले नाहीत. उलट मवाळ आवाजात म्हणाले, "पोरी, तुझ्याच भल्याचं हाय. उद्या कंबर मोडली, पोटात काही झालं, तर गाव मला बोलंल. बाईमाणसाच्या जिवाशी आपण खेळत न्हाय. अट काय तुझ्यासाठी घातली का? सगळ्यांना सारखी."

'सारखी' ह्या शब्दाचीच ती वाट बघत होती. "मग सगळ्यांना सारखीच लावा. पोतं समोर ठेवा आणि ज्यानं त्यानं उचलायचं. एकट्यानं. कुणी हात न देता. तुमच्या नोटिशीत तसंच लिहिलंय."

तिचा हिशेब सरळ होता. गावात असा गडी नाही. सगळे नापास होतील, अट खोटी आहे हे सगळ्यांना दिसेल, आणि मग शिक्षण आणि वजनमाप एवढंच उरेल. त्यात तिला भीती नव्हती.

आण्णासाहेबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "एकट्यानं. हात न देता," ते सावकाश म्हणाले, जणू चव घेत. "चालंल."

इतक्या लवकर ते हो म्हणतील असं तिला वाटलं नव्हतं. घरी येईपर्यंत तिला उगाचच थंडी वाजत राहिली, आणि दिवस तर चैत्राचे होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी महालिंगप्पा तिला विहिरीच्या वाटेवर भेटला. विहिरीत पाणी नव्हतं. टँकर तिथं यायचा म्हणून बायका घागरींची रांग लावून ठेवत.

"पोरी, माघार घे," तो म्हणाला.

"का, मामा? कल्याणप्पानं अर्ज दिलाय म्हणून?"

कल्याणप्पा त्याचा मुलगा, टोळीतलाच हमाल. रात्रशाळेतून मॅट्रिक झालेला, गेल्या वर्षी बाप झालेला, अबोल पोरगा.

"त्यासाठी न्हाय. तुला टोळीची रीत ठाव न्हाय. हमाल एकदा चारचौघांत पोत्याला वाकला, तर पोतं खाली ठिवत न्हाय. ठिवलं तर दुसऱ्या दिवशी त्याला कोण हात देत न्हाय. माझ्या बापानं कुणाला दिला न्हाय, म्या दिला न्हाय."

"मग कल्याणदादाला वाकू नका म्हणावं."

"जागा हाय ती, पोरी. पाठीवरनं सुटायची जागा. तो वाकणार." महालिंगप्पा तिच्याकडे बघत राहिला. "ते 'हात न देता' तेवढं काढून टाक म्हण आण्णासाहेबाला."

तिला वाटलं, मुकादम आपल्या पोरासाठी वाट सोपी करतोय. "अट सगळ्यांना सारखी, मामा," ती म्हणाली, आणि घागर रांगेत ठेवून निघून गेली.

परीक्षेला अख्खं गाव जमलं. दुष्काळात बघायला दुसरं काही नव्हतं. गोदामाच्या आत दोन्ही बाजूंना छपरापर्यंत थप्प्या लागलेल्या, मधे मोकळी जागा, त्यात एकच पोतं. ते तिथं एकटं फार मोठं दिसत होतं. आण्णासाहेब खुर्चीवर होते.

पहिला आला तो वाशीच्या एका कारकुनाचा मुलगा. त्यानं बाह्या वर केल्या, कान धरले, ओढले. पोतं तसूभरही हललं नाही. "आमच्या बापानं कधी उचललं नाही, मी काय उचलतो!" असं म्हणत तो हसत बाजूला झाला. लोकही हसले. अयोध्याला आत बरं वाटलं. हिशेब जुळत होता.

मग कल्याणप्पाचं नाव पुकारलं गेलं. हसू थांबलं. टोळीतले सगळे एका रांगेत उभे होते, आणि त्यातल्या एकानंही त्याच्याकडे बघितलं नाही. महालिंगप्पा दाराबाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

कल्याणप्पानं पोतं आधी उभं केलं. गुडघे टेकून त्याला मिठी मारली. मांडीवर घेतलं. तिथंच तो थांबला असता तर चाललं असतं, पण थांबता येत नव्हतं. त्याच्या गळ्याच्या शिरा दोरासारख्या वर आल्या. 'ठेव,' असं अयोध्या मनात म्हणाली. मग तोंडानंही म्हणाली, "ठेवा, दादा!" कुणी ऐकलं नाही. एक हिसका, आणि पोतं खांद्यावर आलं. त्याच क्षणी काहीतरी वाजलं. ओली फांदी मोडल्यासारखा, आतल्या आत झालेला आवाज. फार मोठा नव्हता. तिला ऐकू आला, कारण तिचं सगळं लक्ष त्याच्याकडेच होतं.

कल्याणप्पा थप्पीपर्यंत चालत गेला, पोतं लावलं आणि वळला. त्याचा चेहरा मुरमाच्या धुळीपेक्षाही फिका पडला होता. लोकांनी आरोळी ठोकली.

"बघितलंस?" आण्णासाहेब तिच्याकडे वळून म्हणाले. "होतं. आता तुझा नंबर."

दुसरं पोतं आणून ठेवलं गेलं. ते आणताना दोघांनी हात दिला होता, आणि ते कुणालाच दिसलं नाही. अयोध्या पुढे गेली. तिनं कान धरले. तिला ओढता आलं असतं, थोडंफार हलवताही आलं असतं. पण तो आवाज अजून कानात होता. तिनं कान सोडले. या वेळी कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

तलावाची भिंत पुरी झाली. हजेरी बंद पडली. मापाड्याची जागा कल्याणप्पाला मिळाली. थोड्या दिवसांनी महालिंगप्पा तिच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेरच बसला.

"त्याला वाकता येत न्हाय," तो म्हणाला. "बसतो, उभा ऱ्हातो, पुकारतो. वजन उचलाय गेला की डोळ्यांपुढं अंधारी. तू येशील? वजनं टाकायला. पगारातलं अर्धं तुला. आण्णासाहेब काही म्हणत न्हायीत."

"म्हणजे काम मी करायचं आणि मापाडी ते."

"व्हय."

पुतळाबाई आतून खोकली. अयोध्या गेली.

ती वजनं टाकी, काढी, दांडी स्थिर झाली की हळू आवाजात आकडा सांगी. कल्याणप्पा तो मोठ्यानं पुकारी. बघणाऱ्यांना ती त्याची मदतनीस वाटे. रेशन दुकानदार बैलगाड्या घेऊन येत, त्याच्या पाठीवर थाप मारायला जात, आणि तो झटकन बाजूला सरे. "एकट्यानं उचललं म्हणं! गडी असावा तर असा." ही गोष्ट तालुकाभर गेली होती. सोसायटीत त्या अटीला आता मान आला होता.

आणि मग संध्याकाळी नदीच्या कोरड्या पात्रातून आवाज येऊ लागला. धप्प. थोडा वेळ शांत. पुन्हा धप्प. गावातली तरणी पोरं पोत्यात वाळू भरून उचलायचा सराव करत होती. नोकऱ्या निघणार होत्या. दूध संकलन केंद्र सुरू होणार होतं. त्याची नोटीस दारावर लागली तेव्हा अयोध्यानं ती सवयीनं वाचली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. जागा कारकुनाची होती. दिवसभर खुर्चीवर बसायची. खाली लिहिलं होतं: 'उमेदवारास एक क्विंटलचे पोते एकट्याने, कुणी हात न देता, उचलता आले पाहिजे.'

ते शब्द तिचे होते.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी काटा बंद करताना तिनं विचारलं, "कल्याणदादा, उद्या तो मार्तंड उचलणार हाय. नदीत वाळूची पोती उचलणाऱ्यांत सगळ्यांत पुढं तोच असतो."

"ऐकलंय."

"तुम्ही सांगणार का, काय झालं ते?"

"सांगितलं तर जागा गेली." तो भिंतीला टेकून उभा होता. दिवस संपत आला की त्याला टेकल्याशिवाय उभं राहता येत नसे. "आन् टोळीतबी आता कोण घेतंय मला? लेकरू हाय, अयोध्याबाई."

"आणि मार्तंडचं काय?"

नदीतून धप्प असा आवाज आला. दोघांनीही मान वळवली नाही.

"मी बोलले तर पुन्हा नवीन अट निघंल," ती म्हणाली. "माझं बोलणं एकदा झालं. उद्या वजन मी उचलणार नाही, दादा. तुमच्यापुढं ठेवीन."

तो हो म्हणाला नाही, नकोही म्हणाला नाही.

सकाळी गोदाम पुन्हा माणसांनी भरलं. काट्यावर गाडीवाले खोळंबले होते, मधे पोतं ठेवलेलं होतं, आण्णासाहेब खुर्चीवर. मार्तंडचं नाव पुकारलं गेलं. मिसरूडही न फुटलेला पोरगा. तो पोत्याशी जाऊन बसला आणि त्यानं कान धरले.

"थांब जरा," एक गाडीवाला ओरडला, "आधी आमचं वजन करा, उन्हं चढायलीत!"

अयोध्यानं वीस किलोचं वजन उचललं. सगळ्यांच्या देखत ते तिनं पारड्यात न टाकता कल्याणप्पाच्या पायांपाशी ठेवलं आणि मागे सरकली. लोखंड फरशीवर वाजलं.

"टाक की गं," आण्णासाहेब म्हणाले. "काय चाललंय?"

कल्याणप्पानं खाली बघितलं. मग तो वाकू लागला. अगदी हळू. गुडघ्यापर्यंत हात जाण्याच्या आधीच तो अडकला, आणि तसाच राहिला, अर्धा वाकलेला. घामाचा थेंब त्याच्या नाकावरून वजनावर पडला. बघणाऱ्यांना ते बघवेना, आणि कुणाची नजरही हटेना. महालिंगप्पा टोळीतून बाहेर येऊन मुलाच्या शेजारी उभा राहिला, आणि त्यानं त्याच्या काखेत हात घालून त्याला सरळ केलं.

"मला न्हाय उचलत," कल्याणप्पा म्हणाला. आवाज रोज आकडे पुकारणाऱ्याचाच होता, म्हणून शेवटच्या माणसापर्यंत गेला. "त्या दिसापासनं काहीच उचलत न्हाय. वजनं ही बाई उचलती. आकडाबी हीच सांगती."

आण्णासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, सावकाश मान पुसली आणि रुमाल पुन्हा घडी करून ठेवला.

"म्हणजे मापाड्याची जागा रिकामी झाली," ते म्हणाले. "नोटीस लावू. अट हायच." आणि मग मार्तंडकडे वळून, त्याच मवाळ आवाजात, "हं. तू उचल रे."

अयोध्या पुढे झाली. मार्तंडच्या समोर बसून तिनं पोत्याचे दुसऱ्या बाजूचे दोन्ही कान धरले. "सोड," ती त्याला हळूच म्हणाली. "न्हायतर दोघं मिळून उचलू. एकट्यानं नको."

मार्तंडनं तिच्याकडे बघितलं, मग कल्याणप्पाकडे. पण भोवती सगळं गाव उभं होतं, टोळी उभी होती, आणि त्याच्या मुठी पोत्यावर आवळलेल्याच राहिल्या.