सत्काराचं स्टेज

स्टेजवर खुर्च्या सात, हार पाच, शाल एक, श्रीफळ एक. मागच्या फ्लेक्सवर नलिनीमावशींचा फोटो एक, पाहुण्यांचे तीन. फ्लेक्सच्या मागे बोळ आणि बोळात बायकांच्या संडासाची सहा दारं. स्टेज बोळाच्या तोंडावरच बांधलं होतं. मी टेप लावून पाहिली. स्टेज आणि भिंत यांच्यात चार इंच उरले होते.

भांडुपच्या टेकडीवरच्या या सहा दारांसाठी मावशी अकरा वर्षं अर्ज करत होत्या. त्या बालवाडीत मदतनीस होत्या. मुलं घरी गेली की दारोदार फिरून बायकांना विचारायच्या, "काळोख पडेपर्यंत का थांबायचं?" तो प्रश्न ऐकूनच बीएस्सीनंतर मी वस्त्यांमधले संडास मोजायला लागले.

"राजेश, बायकांनी जायचं कुठं रे?" मावशींनी विचारलं.

मंडळाचा सेक्रेटरी राजेश माइकची वायर सोडवत होता. "दोन तासांचा तर प्रश्न आहे, मावशी. महिला दिन आहे, तुमचा सत्कार आहे. एंजॉय करा ना!"

"तू थांब दोन तास. आधी तांब्याभर पाणी पी."

बायका हसल्या. राजेश हसला नाही. "पाहुणे मुलुंडहून निघालेत. आता स्टेज हलवलं तर वाट लागेल. आणि हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय!"

"माझ्या नावानं दार बंद केलंस. माका शाल नको. वाट मोकळी कर."

जान्हवीला आठवा महिना होता. डबा हातात धरून ती भिंतीला टेकली होती. "मावशी, राहू दे ना. उगाच भांडण कशाला? आजच्या दिवस थांबते मी."

राजेशपुढे न हटलेल्या मावशींचा हे ऐकून चेहरा उतरला.

मग त्या पायऱ्या चढून स्टेजवर गेल्या. फ्लेक्सच्या एका बाजूची सुतळी सोडली. एक खुर्ची उचलून मागच्या बाजूला, उतरायला म्हणून बोळात ठेवली.

"ये गो," त्या जान्हवीला म्हणाल्या. "सावकाश."

"मावशी, प्लीज! पाहुणे आले!" राजेश ओरडला.

जान्हवी स्टेज ओलांडून गेली. तिच्यामागून डबा पदराखाली धरून अस्मिताकाकू गेल्या.

पाहुण्यांनी मावशींच्या कार्यावर भाषण सुरू केलं. मावशी फ्लेक्सची कड हातात धरून उभ्या होत्या.

भाषण तेवीस मिनिटं चाललं. तेवढ्या वेळात स्टेजवरून एकोणीस बायका गेल्या.